गिरगावला तारीख द्या

मराठी नाट्यनिर्मात्यांना खुले पत्र

निर्माते मंडळींनो, सप्रेम नमस्कार.

रविवारी सकाळी आमच्या घरी वर्तमानपत्र आले की आधी नाटकांच्या जाहिरातींचे पान उघडते. आईच्या डोळ्यांना आता बारीक अक्षर झेपत नाही, म्हणून मी वाचतो आणि ती ऐकते. शिवाजी मंदिर दुपारी, यशवंत नाट्यमंदिर रात्री, पार्ल्याचे दीनानाथ, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचे कालिदास, ठाण्याचे गडकरी रंगायतन, कल्याणचे अत्रे, डोंबिवलीचे फुले, वाशीचे भावे. मी थांबलो की ती विचारते, "आणि आपल्याकडे?" आपल्याकडे म्हणजे गिरगावात. बहुतेक रविवारी मला "नाही" म्हणावे लागते. ती "बरं" म्हणते आणि चहाचा कप उचलते. त्या "बरं"पायी हे पत्र लिहितो आहे.

मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना तुम्हाला अंदाज बांधत बसायला नको. आमच्याकडच्या ऑपेरा हाऊस भागातल्या रॉयल ऑपेरा हाऊस या जुन्या नाट्यगृहात महिन्यातून एक मराठी प्रयोग लावा. रविवारी, दुपारचा. तुम्ही आपापसात वाटून घेतलेत तर एकेका संस्थेच्या वाट्याला वर्षाकाठी एखादाच प्रयोग येईल. तेवढी एक तारीख गिरगावच्या नावाने राखून ठेवा, एवढेच मागणे आहे.

मी नाटकवाला नाही. फोर्टात नोकरी केली आणि नुकताच निवृत्त झालो. आमचे घराणे चार पिढ्या गिरगावातल्या एका वाडीत राहते. माझे आजोबा छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, जुळवायचे. नाटक कंपन्यांची हँडबिले त्यांच्या हातून निघत, आणि त्या बदल्यात कधीमधी पास मिळे. आमच्या ट्रंकेत त्यांतले एक हँडबिल अजून आहे. गुलाबी, कांद्याच्या सालीसारखा पातळ कागद, घडीवर फाटलेला. मधोमध जाड ठशात नाटकाचे नाव, खाली "रात्रौ ठीक ९ वाजता", आणि तळाला लहान अक्षरांत "बायकांकरिता स्वतंत्र सोय". "रात्रौ"मधला "त्रौ" किंचित वर चढला आहे. आई सांगते, मामंजींना ती चूक शेवटपर्यंत डाचत होती. खिळा नीट बसला नव्हता आणि हजार प्रती निघून गेल्या होत्या.

हेच आजोबा आईला ऑपेरा हाऊसबद्दल सांगत. पास मिळायचा तो अगदी वरच्या गॅलरीचा. तिथून नट अंगठ्याएवढा दिसे, पण तो कुजबुजला तरी ऐकू येई. मला लहानपणी हे म्हाताऱ्या माणसाचे कौतुक वाटायचे. पुढे वाचले तेव्हा कळले की त्यात अतिशयोक्ती नव्हती. गॅलरीत बसलेल्यालाही प्रत्येक शब्द आणि प्रत्येक सूर पोहोचला पाहिजे, या हिशेबानेच त्या सभागृहाचे छत घडवले होते. माईक नव्हते. आवाज पोहोचवणे हे त्या इमारतीचे काम होते.

या वास्तूचा इतिहास तुम्हाला ठाऊक असेल, तरी थोडा सांगतो, कारण तो तुमचाही आहे. कल्पना १९०८ ची. कोलकात्याहून नाटकाचा धंदा करणारे मॉरिस बँडमन आणि मुंबईचे कोळशाचे व्यापारी जहांगीर फ्रामजी कराका या दोघांनी ती उचलून धरली. १९११ साली पंचम जॉर्ज मुंबईत आला, तेव्हा बांधकाम चालू असतानाच त्याच्या हस्ते उद्घाटन झाले, आणि पुढच्या वर्षी काम पुरे झाले. आतली मोठी झुंबरे ससून घराण्याची देणगी. त्यांच्या भायखळ्याच्या 'सान्स सूसी' या वाड्यातली ती झुंबरे. त्या वाड्यात आज मसीना हॉस्पिटल आहे.

थाट सगळा विलायती. पण आत उभे कोण राहिले ते पाहा. बालगंधर्व, मास्टर कृष्णराव, बापूराव पेंढारकर, मास्टर दीनानाथ, ज्योत्स्ना भोळे. ऑपेरासाठी बांधलेल्या घरात मराठी संगीत नाटक येऊन बसले आणि ते घर त्याला मापाचे निघाले. मला यात नवल वाटत नाही. ऑपेरा म्हणजे तरी काय, गाऊन सांगितलेली गोष्ट. आपले संगीत नाटक त्याच वेळी ऐन भरात होते. ज्या १९११ साली त्या इमारतीचे उद्घाटन झाले, त्याच वर्षी १२ मार्चला मुंबईच्या रिपन थिएटरात 'मानापमान'चा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली होती, आणि तरी ते नायिका भामिनीच्या भूमिकेत उभे राहिले. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की ती आमच्याच नात्यातल्या कुणाची असावी असे लहानपणी वाटे.

पृथ्वीराज कपूरांचे 'पृथ्वी थिएटर्स'ही इथलेच. १९४५ साली त्यांचे 'शकुंतला' या रंगमंचावर आले. प्रयोग संपला की पृथ्वीराजजी स्वतः दारात मान खाली घालून झोळी पसरून उभे राहायचे, आणि प्रेक्षक जाता जाता मदतीसाठी पैसे टाकायचे. आईला तिच्या वडिलांनी ते दाखवले होते. ती तेव्हा फार लहान होती. नाटकातले तिला काही आठवत नाही, तो वाकलेला उंच माणूस तेवढा आठवतो.

मग सिनेमा आला, पडदा लागला, मालक बदलले. १९५२ मध्ये गोंडलच्या महाराजांनी ही वास्तू घेतली. १९९३ मध्ये दारे बंद झाली ती तब्बल २३ वर्षे. मी रोज सकाळी कामावर जाताना त्या बंद दारांवरून जायचो. कमानींवर धूळ, खिडक्यांच्या फुटक्या काचा, पायऱ्यांवर झोपलेली माणसे. हळूहळू "ऑपेरा हाऊस" हे नुसते बसथांब्याचे नाव उरले. आमच्या मुलांना वाटायचे की ऑपेरा हाऊस म्हणजे हिऱ्यांचा बाजार. तेही खोटे नव्हते, पंचरत्न इमारतीच्या आसपासच्या फुटपाथवर हातातल्या कागदी पुड्या उघडून दलाल उभे असत. १३ जुलै २०११ च्या संध्याकाळी बॉम्बस्फोट झाला तोही याच गल्ल्यांत. त्या दिवशी बातम्यांत "ऑपेरा हाऊस" हे शब्द पुन्हा पुन्हा ऐकताना आई म्हणाली होती, "या नावाबरोबर हे ऐकायची वेळ यायला नको होती."

वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी वास्तूच्या जीर्णोद्धाराचे काम केले, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये दारे पुन्हा उघडली. पुढच्या वर्षी युनेस्कोने आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा जतनाचा सन्मान दिला. त्या कामाबद्दल मला मनापासून कृतज्ञता आहे. मुंबईत एखादी जुनी इमारत इतकी खचल्यावर पुन्हा उभी राहते, असे किती वेळा घडते? मी आईला घेऊन गेलो. ती सावकाश चालत मधल्या वाटेने खाली गेली, कडेच्या खुर्चीवर बसली आणि मान वर करून छताकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "मामंजी तिथे वर बसत असतील." त्या दिवशी कार्यक्रम इंग्रजी गाण्यांचा होता. तिने तो पूर्ण ऐकला. बाहेर आल्यावर एवढेच म्हणाली, "आता इथे आपलं कधी?"

तेव्हापासून मी तुमच्या जाहिराती वेगळ्या नजरेने वाचतो.

आता जरा या घराच्या आजूबाजूला चला, कारण ही वास्तू एकटी नाही. ऑपेरा हाऊसच्या समोर फ्रेंच पुलाच्या कोपऱ्यावर मोदी चेंबर्समध्ये प्रा. बी. आर. देवधरांनी संगीताची शाळा चालवली. १९२५ सालची ती शाळा. कुमार गंधर्व पोरवयात इथे शिकायला आले. म्हणजे रस्त्याच्या एका अंगाला नाट्यसंगीत आणि दुसऱ्या अंगाला ख्यालाची तालीम, अशी ती जागा. दोन मिनिटांवर केनेडी पूल, त्याच्या आसपास सारंगिये आणि तबलजी राहायचे. चार पावले पुढे गेलात की प्रार्थना समाजाचा नाका. मागे वळलात की चौपाटी. तिथे १ ऑगस्ट १९२० ला टिळकांवर अंत्यसंस्कार झाले आणि तिथेच त्यांचा पुतळा उभा आहे. टिळक गेल्यावर त्यांच्या नावाने स्वराज्य फंड उभा राहिला, आणि त्यासाठी ८ जुलै १९२१ ला बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या मालकांनी एकत्र उभे राहून संयुक्त 'मानापमान' केले. मुंबईत, बालीवाला थिएटरात. तीन महिन्यांत केशवराव गेले. तो प्रयोग पुन्हा होणे नव्हते.

सिनेमाचाही जन्म याच रस्त्यांवरचा. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लागला. कोरोनेशन नेमके कुठे होते ते मला अजून कुणी बोट ठेवून दाखवलेले नाही, मी बऱ्याच जुन्या माणसांना विचारले. १४ मार्च १९३१ ला 'आलम आरा' मॅजेस्टिकला लागला आणि पडद्यावरची माणसे बोलू लागली. मॅजेस्टिकच्या जागी आता दुकाने आहेत. काळबादेवीच्या भांगवाडीत गुजराती नाटकांचे थिएटर होते, तेही गेले. ग्रँट रोडच्या नाटकघरांची एवढीच खूण उरली की लोक त्या नाक्याला अजून पिला हाऊस म्हणतात. प्ले हाऊसचे पिला हाऊस झाले, आणि घरे पडल्यावरही नाव तगून राहिले.

ग्रँट रोडचे पहिले मोठे नाट्यगृह नाना शंकरशेटांच्या पुढाकाराने उभे राहिले. १८५३ साली विष्णुदास भावे सांगलीहून मंडळी घेऊन आले, तेव्हा त्यांनी तिथे खेळ केले. सांगलीला १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' झाले त्याला तेव्हा दहा वर्षे होत होती. मराठी नाटकाला मोठ्या शहराचा तिकीट काढणारा प्रेक्षक भेटला तो या भागात. आज नानांचे नाव गिरगावच्या मुख्य रस्त्याला आहे, मुंबई सेंट्रलच्या मेट्रो स्थानकाला आहे. 'मानापमान' लिहिणाऱ्या नाट्याचार्य खाडिलकरांचे नाव आमच्या पलीकडच्या रस्त्याला आहे. मी त्या रस्त्याने रोज भाजी आणायला जातो. पाटी पाहिली की मनात येते, पाटीवर नाव आहे, त्यांचे पद मात्र या रस्त्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर ऐकू येत नाही.

आणि साहित्य संघ. त्याचे नाव घेतल्याशिवाय गिरगावचे नाटक पुरे होत नाही. मुंबई मराठी साहित्य संघ १९३५ चा. डॉ. अ. ना. भालेरावांनी नाटकाला आपले मानले, १९४४ साली मुंबईत रंगभूमीचा शताब्दी महोत्सव भरवला, आणि १९६४ मध्ये केळेवाडीत नाट्यगृह उभे राहिले. आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. माझे नाटक पाहणे तिथले. सातवी-आठवीत असेन. वडील रविवारी सकाळी मला तिकीटबारीवर पाठवायचे. बारीच्या आत टेबलावर आसनांचा प्लॅन पसरलेला असे, छापील चौकोनांचा मोठा कागद, कोपऱ्यांवर वजने ठेवलेली. आतले काका लाल-निळी पेन्सिल कानावरून काढत आणि विचारत, "किती?" मी म्हणायचो, "दोन. कडेची." ते चौकोनांवर फुल्या मारत. निळी फुली म्हणजे विकले, लाल म्हणजे राखीव. मी उलट्या बाजूने तो कागद वाचायला शिकलो होतो. फुल्या कमी दिसल्या की मला वाईट वाटायचे, कारण नाटक कंपनी परत येणार नाही असे वाटायचे. तेव्हाची ती भीती आता खरी ठरते आहे का, हा माझा प्रश्न आहे. म्हणून ऑपेरा हाऊसला तारीख देताना केळेवाडीला विसरा असे मी मुळीच म्हणत नाही. तिथे लावाल त्या प्रत्येक प्रयोगालाही आम्ही येऊ.

मागच्या वर्षी तुमच्यापैकी एका निर्मात्यांना मी प्रयोग संपल्यावर गाठले. दमलेले होते, सेट उतरवणे चालू होते, तरी ग्रीनरूमच्या दारात उभे राहून त्यांनी माझे ऐकून घेतले. नाव घेत नाही. त्यांनी तीन अडचणी सांगितल्या. भाडे परवडत नाही, नेपथ्याचा टेम्पो लावायला जागा नाही, आणि "गिरगावात आता मराठी माणूस उरलाय कुठे?" पहिल्या दोन व्यवहाराच्या आहेत. तिसरी जिव्हारी लागली, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

माणूस गेला हे खरे आहे. चाळी पडल्या, टॉवर उठले, भावाभावांत जागा विकून पैसे वाटले गेले, आणि अर्धी वाडी डोंबिवली, बोरिवली, विरारला गेली. पण गुढीपाडव्याच्या सकाळी एकदा शोभायात्रेला येऊन बघा. फडके वाडीपासून ठाकूरद्वारापर्यंत पाय ठेवायला जागा नसते. गणपतीत बघा. गेलेले सगळे परत येतात, नऊवारी नेसून, पोराबाळांना घेऊन, आणि जुन्या घराच्या जागी बोट दाखवत उभे राहतात. ज्यांना सणासाठी दोन तास प्रवास जड नाही, त्यांना नाटकासाठी तो जड का वाटेल? त्यांना बोलावणारे कुणी हवे. आणि जे उरले आहेत ते बरेचसे म्हातारे आहेत. तुमचा खरा प्रेक्षक तोच ना? नाटक पाहत वाढलेला, पदे पाठ असलेला, तिसऱ्या घंटेला आपोआप सावरून बसणारा.

या म्हाताऱ्यांना दादर लांब पडते, हे बाहेरून कळत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मी आईला दादरला नाटकाला नेले. एकही टॅक्सी थांबेना. शेवटी एक मिळाली, ती परळला पाण्यात अडकली. आम्ही पोहोचलो तेव्हा पहिला अंक अर्धा झाला होता. अंधारात तिला आसनापर्यंत नेताना तिचा पाय पायरीवरून घसरला. लागले नाही, पण तिने माझा दंड असा काही घट्ट धरला की तिच्या बोटांचे वळ रात्री दिसत होते. मध्यंतरात ती म्हणाली, "चांगलं चाललंय." त्यानंतर मात्र तिने नाटकाला चल म्हटले नाही. आता ती फोनवर जुनी पदे ऐकते. आमच्या मजल्यावर अशी आणखी चार घरे आहेत.

ऑपेरा हाऊस तिला टॅक्सीने पाच मिनिटांवर आहे.

आणि लांबच्यांसाठी आता सोय झाली आहे. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ आरेपासून कफ परेडपर्यंत पुरी धावते. ३३ किलोमीटरच्या वर मार्ग, २७ स्थानके, त्यांत एक गिरगाव. अंधेरीच्या मरोळहून, बीकेसीहून, वरळीहून माणूस गाडी न बदलता गिरगावात उतरू शकतो. हे शहर झाल्यापासून पहिल्यांदाच असे झाले आहे. बोरिवलीकरांना चर्नी रोडची धिमी लोकल आहेच. वर्षानुवर्षे गिरगावातून माणसे उत्तरेकडे गेली. तीच माणसे आता नाटकासाठी दक्षिणेकडे येऊ शकतात, फक्त त्यांना येण्याला निमित्त हवे.

टेम्पोचे म्हणाल तर रविवार म्हणतो आहे तो त्यासाठीच. हिरेबाजार त्या दिवशी बंद. आठवडाभर जिथे स्कूटर लावायला जागा नसते त्या गल्ल्या रविवारी मोकळ्या असतात. आणि जड सेटचे नाटकच आणा असे कुठे आहे? दोन-तीन पात्रांची कितीतरी चांगली नाटके तुमच्याकडे चालू आहेत. संगीत नाटकाला तर पडदे पुरतात. रंगवलेले पडदे, गुंडाळून एका हातगाडीवर येतील एवढे. राजवाडा, बाग, रस्ता. आजोबांच्या काळी कंपन्या तेवढ्यावर गावोगाव फिरायच्या.

एक विनंती धाडस करून करतो. तिथे एखादा प्रयोग माईकशिवाय करून बघा. तुमच्या आजच्या नटांना आणि गायकांना ते अवघड जाईल, मला कल्पना आहे. पण ज्या छताने बालगंधर्वांचा आवाज गॅलरीपर्यंत नेला ते छत अजून तिथे आहे, दुरुस्त होऊन. ऑर्गन, तबला आणि उघडा गळा. महाराष्ट्रात अशी जागा आणखी किती ठिकाणी मिळेल? त्या एका प्रयोगाला मी पुण्याहून, सांगलीहून माणसे येताना बघतो आहे.

भाड्याचा प्रश्न उरतो, आणि तो खरा आहे. त्यासाठी तुमच्याइतकेच इतरांनाही साकडे घालतो. वास्तू सांभाळणाऱ्या मंडळींना विनंती की महिन्यातला एक रविवार दुपार मराठी नाटकासाठी सवलतीत द्यावी. त्यांनी जी वर्षे आणि जो पैसा या घरात घातला तो नाटकाच्या प्रेमापोटी घातला असे मी मानतो. राज्याचा सांस्कृतिक कार्य विभाग नव्या मराठी नाटकांना अनुदान देतो. त्या अनुदानाच्या अटींमध्ये गिरगावातल्या एका प्रयोगाचा फरक भरून देण्याची तरतूद होऊ शकत नाही का? मोठी रक्कम नव्हे. आणि तिकीट दादरला असते तेच ठेवा. आम्ही सवलतीचा प्रेक्षक म्हणून येत नाही.

राहिला धोका रिकाम्या खुर्च्यांचा. तो आम्ही उचलतो. जुन्या काळी वाड्यांची मंडळे प्रयोग काँट्रॅक्टवर घ्यायची, घरोघर तिकिटे खपवायची. माझ्या वडिलांनी ते केले आहे, रात्री दहाला दार ठोठावून "दोन तरी घ्या हो" म्हणत. मी या उन्हाळ्यात तेच सुरू केले. शाळेची दोनशेपानी वही घेतली आणि वाडीवाडीतून फिरतो आहे. मुगभाट, कांदेवाडी, झावबावाडी, आंग्रेवाडी, खोताची वाडी. खोताच्या वाडीत एका ईस्ट इंडियन आजींनी नाव दिले, म्हणाल्या, "मला नाट्यसंगीत कळतं, आमच्या घरावरून रोज गात जायचे लोक." एका टॉवरच्या विसाव्या मजल्यावर नव्याने आलेल्या गुजराती कुटुंबाने तीन नावे लिहिली. डोंबिवलीला गेलेल्या माझ्या शाळासोबत्याने फोनवरून पाच. ज्याने नाव दिले त्याच्याकडून मी तिकिटाचे पैसे आगाऊ घेणार, तारीख ठरली की त्याच आठवड्यात. सभागृहात पावणेसहाशेच्या आसपास आसने आहेत. वहीत आजवर १४१ नावे झाली आहेत.

५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन येतो. पहिली तारीख त्याच्या आसपासची मिळाली तर उत्तम, नाटक कुठलेही चालेल. तुमच्या पुढच्या तिमाहीचे तारखावाटप होईल तेव्हा एका रकान्यात "ऑपेरा हाऊस" लिहा. निरोप मिळाला की त्याच संध्याकाळी मी आमच्या वाडीच्या फळ्यावर खडूने लिहीन, नाटकाचे नाव मोठे आणि वेळ खाली. वहीतले पहिले नाव आईचे आहे. तिला कडेची खुर्ची हवी, पायऱ्या कमी लागतील अशी.

आपला,
गिरगावातला एक प्रेक्षक